लेकीच्या दारातली गाडी

सोमवारी त्यांच्या भागात नळ येत नसे. त्यामुळे तो सोमवार होता हे रत्नप्रभाला पुढे कधी आठवून काढावं लागलं नाही. रविवारी भरून ठेवलेलं पाणी सकाळीच निम्मं झालं होतं. अभिमन, तिचा नवरा, पाटबंधारे खात्याच्या कामावर साक्रीकडे गेला होता आणि गुरुवारपर्यंत येणार नव्हता. ती पुढच्या खोलीत बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचे पेपर तपासत बसली होती. पंख्याने उडू नयेत म्हणून गठ्ठ्यांवर तिने अडकित्ता, खलबत्त्याचा दस्ता, तांब्या असं घरातलं जड जड ठेवलं होतं. बाहेर धुळ्याचं एप्रिलचं ऊन होतं. खिडकी बंद केली तरी ते फटीतून आत येई आणि फरशीवर एक पांढरी रेघ ओढून तिथेच थांबे. पाचच्या सुमारास शेजारच्या लाडकुंवरबाईंनी भिंतीवरून हाक मारली. "रतनभाभी, फोन! जळगाववाले." ती लाल पेन हातात तसंच घेऊन गेली. लाडकुंवरबाईंचा फोन त्यांच्या स्वयंपाकघराच्या दाराशी एका उंच स्टुलावर होता. बोलणाऱ्याने उभं राहायचं आणि आत पोळ्या लाटणाऱ्या बाईने सगळं ऐकायचं, अशी ती व्यवस्था होती.

"रतन, काय करी ऱ्हायनी?" आबा, तिचे वडील, फोनवर नेहमी ओरडून बोलत. जळगाव ते धुळे हे अंतर त्यांच्या मते तारेच्या भरवशावर सोडण्याजोगं नव्हतं.

"पेपर तपासतेय, आबा."

"कितला ऱ्हायनात?"

"दोनशे तरी."

"म्हणजे दोनशे पोरं नापास. ऐक. आखाजी चार रोजवर उनी. मी सकाय येस तुले लेवाले."

"गाडी घेऊन हिलालला पाठवा ना. तुम्ही कशाला एवढ्या उन्हाचे?"

"हिलाल त्याना गावले गया. त्याले बी बहिणी शेतस. मी स्वतः हाकसू गाडी."

"मग चारनंतर या. मला उद्या कॉलेजात बसावंच लागेल. चारच्या आत घरी कोणी नाही."

"मुराळी चारले येस का? मुराळी दुपारना आत दारसे उभा ऱ्हास." आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. मग ते हसले. "तू तुनं काम कर. माले काय, गाडीले छप्पर शे."

ती म्हणाली, "आबा..."

"काय?"

आत लाटणं थांबलं होतं. ती म्हणाली, "काही नाही. सावकाश या."

घरी येऊन तिने आणखी अकरा पेपर तपासले. माठातलं पाणी गाळून घेतलं. दुसऱ्या दिवशी जायचं म्हणून दोन लुगडी काढली, एक आईसाठी आणि एक भिकुआत्यासाठी. रात्रीचा भात थोडा करपला. यापेक्षा त्या दिवसात काही नव्हतं. मात्र पुढे कित्येक महिने तो दिवस आपल्याच साधेपणाने तिच्यासमोर येऊन उभा राही. एवढा मोकळा दिवस होता, तो ओरडणारा आवाज कानाशी होता, आणि आपण 'काही नाही' म्हणालो, एवढंच त्यात घडलेलं असे.

जे सांगायचं होतं ते जुनं होतं. पावणेदोन वर्षांपूर्वी, श्रावणात, पुण्याच्या एका डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे सरकवून तिला शांतपणे सांगितलं होतं की तिला मूल होणार नाही. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही, थांबून पाहण्यातही अर्थ नाही. अभिमन परतीच्या एस.टी.त तिचा हात धरून बसला होता. मनमाडला उतरून त्याने चहा आणला आणि म्हणाला, "घरी कुणाला सांगायचं, कधी सांगायचं, ते तू ठरव. माझ्याकडून कुणाला कळणार नाही." तो शब्द त्याने पाळला. आपल्याच आईचं टोचून बोलणं तो खाली मान घालून ऐके, पण त्याने तोंड उघडलं नाही. रत्नप्रभाने ठरवलं होतं की दसऱ्याला जळगावला जायचं आणि आबांना सांगायचं. आईला आबा सांगतील. वाक्यही तिने तयार केलं होतं. ती मराठी शिकवायची, वाक्यं करणं तिला अवघड नव्हतं. एस.टी.त ते वाक्य तिने तीनदा बदललं. आधी त्यात डॉक्टर होते, मग डॉक्टर काढून टाकले, मग "आता" हा शब्द काढला.

आणि त्याच दसऱ्याला गाडी आली होती. आबांचं घर जळगावात, केळीचा मळा भडगावकडे गिरणेच्या काठाला. जन्मभर एस.टी.ने आणि कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून त्यांनी मळा पाहिला होता, आणि साठी उलटल्यावर एकदम ही उंच, पांढरी, दहा माणसांची बंद जीप. अंगणात ती मावत नव्हती. पुढचा भाग अंगणात आणि मागचा रस्त्यावर. आई धुरपदाबाई तिला कुंकू लावायला गेली तर हात टपापर्यंत पोचेना, मग तिने दिव्याजवळच लावलं. भिकुआत्या ओट्यावर बसून म्हणाली, "तोताराम, बसणारे दोन आन जागा दहा. बाकीस्ना काय भूतं बसाडशी?" सगळे हसले. आबाही हसले, आणि रतनला म्हणाले, चल, तुले मागनं दखाडस. मागचं दार उघडून त्यांनी तिला आत चढवलं. दोन्ही बाजूंना समोरासमोर लांब बाकं होती. मधल्या मोकळ्या जागेवर त्यांनी हात फिरवला. इथं खाली गादी टाकली की पोर जळगावपासून धुळ्यापर्यंत झोपून येईल, म्हणाले. धक्का लागणार नाही, हिलालने चालवून पाहिलं आहे. पेंटर विचारत होता पुढच्या काचेवर काय नाव टाकू, त्याला म्हणालो जागा ठेव, नाव अजून यायचं आहे. हे सगळं ते अगदी सहज सांगत होते, केळीचे घड कुठून कापायला घेतले ते सांगावं तसं. ती त्या प्लॅस्टिक चढवलेल्या बाकावर बसून होती. नव्या गाडीचा, रंगाचा, रबराचा, डिझेलचा वास होता. वाक्य तिच्या तोंडात होतं. आबांनी विचारलं, "कशी शे?" ती म्हणाली, "छान आहे." त्या दिवशी सांगितलं असतं तर कदाचित त्यांनी आठ दिवसांत ती गाडी परत केली असती, कदाचित नसती केली. हे तिला कधीच कळणार नव्हतं.

त्यांच्याकडे लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. तिला मूल झालं की मग पितात, तोवर नाही. नव्या पिढीत हे कुणी फारसं पाळत नव्हतं. अभिमनच्या मित्रांचे सासरे येत, जेवत, पंख्याखाली घोरत. आबा मात्र पाळत. त्यात त्यांचा ताठा नव्हता, त्यांच्या वडिलांनी पाळलं म्हणून ते पाळत, आणि लेकीच्या गावात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत पाळत. गाडी नव्हती तेव्हा त्यांना एस.टी.च्या वेळा सांभाळाव्या लागत. मग ते ओसरीवर बसत, घामाघूम होत. तासाभराने ती आवराआवर करून बॅग उचले आणि दोघं स्टँडवर जात. त्या एका तासात ती निदान त्यांना वारा घाली. ते तिच्या घरात असत, तिच्या चटईवर, तिची पुस्तकं चाळत. गाडी आल्यावर तेही राहिलं नाही. गाडी हे त्यांचं घर झालं. ते दारात गाडी उभी करत, आतल्या आत पाय वर घेऊन बसत, स्वतःच्या कॅनमधलं पाणी पीत, स्वतःच्या फडक्यातली कळण्याची भाकरी आणि मिरचीचा ठेचा खात, आणि खिडकीतून लेकीशी बोलत. बाहेरून तिला ते एखाद्या तिकीटखिडकीतल्या कारकुनासारखे दिसत. लाडकुंवरबाईंचे यजमान घेवरचंदजी, त्यांचं आग्रा रोडला कापडाचं दुकान, दुपारी जेवायला येताना गाडीपाशी थांबून म्हणत, "आबासाहेब, पाण्यावाचून राहायचा मक्ता आमच्या जैनांचा. तुम्ही कुठून शिरलात यात? कधी सोडणार हा उपास?" आबा म्हणत, "सोडायला माणूस यायचाय, शेठजी." मग दोघं हसत. ती फाटकाला धरून उभी असे. तिलाही हसावं लागे.

पहिलं वर्ष गाडी पाहुणीसारखी होती. सीटवरचं प्लॅस्टिक कुणी काढू दिलं नाही. उन्हाळ्यात मांड्या त्याला चिकटत आणि उठताना चर्र आवाज होई. आई दर गुरुवारी चाकं धुवायची. पुढच्या दसऱ्याला, वर्ष पुरं झालं तेव्हा, आबांनी स्वतः ब्लेड घेऊन प्लॅस्टिक कापून काढलं आणि म्हणाले, आता घरची झाली. त्यानंतर ती खरोखरच घरची झाली, म्हणजे तिच्याकडे कुणी पाहिनासं झालं. मागच्या बाकाखाली केळीची वाळकी पानं, सुतळ्या, एक तुटका विळा. डाव्या दाराला म्हशीच्या शिंगाचा खळगा. मागचं दार कुरकुरायला लागलं, त्याला हिलाल तेल घाली आणि ते दोन दिवस गप्प राहून पुन्हा कुरकुरे. भाऊबंदांच्या लग्नांना, चोपड्याच्या चुलत बहिणीच्या बाळंतपणाला, मानतेच्या, नवसाच्या जेवणांना ती जायची. दुसऱ्यांची पोरं त्या मधल्या जागेत झोपून आली, ओकली, त्यांच्या गोळ्यांचे कागद बाकाच्या फटीत राहिले. त्या फटीतून आबा ते कागद एकेक काढत बसलेले तिने पाहिले होते. आणि चढावर, भर उन्हात, गाडी तापायला लागली. तशा सगळ्याच तापतात, हिलाल म्हणे, पाणी हाताशी ठेवायचं. म्हणून आबांच्या पायाशी कायम एक पांढरा कॅन असे. पिण्याचा तोच आणि गाडीचाही तोच.

मंगळवारी सकाळी ते एकटेच निघाले. एरंडोल, मग पारोळा. पारोळ्याच्या पुढे गाडी तापली, आणि त्यांनी कॅन उचलून सगळं पाणी तिच्यात ओतलं. हे पुढे एका रसवंतीवाल्याने हिलालला सांगितलं, कारण आबा तिथे थांबले होते. रस घेतला नाही. मधुमेह होता. कॅन भरून देऊ का म्हणून त्याने विचारलं, तर धुळं तर आलंच, म्हणाले. धुळं आलंच होतं, आणि धुळ्यात ते पाणी पीत नव्हते. एवढं गणित ते चुकले. दुसऱ्या कुठल्या माणसाच्या हातून हे चुकलंच नसतं, कारण त्याला धुळ्यात पाणी मिळालं असतं.

साडेअकराला गाडी दारात उभी राहिली. घराला कुलूप. लाडकुंवरबाई बाहेर आल्या, म्हणाल्या, किल्ली आमच्याकडे आहे, उघडून देते, पंखा लावून पडा. ते म्हणाले, "लेकीचं कुलूप बापानं उघडावं का, बेन? येईल ती." ताक आणलं, त्याला हात जोडले. घेवरचंदजी जेवायला आले, त्यांनीही आग्रह केला. त्यांना म्हणाले, "तुम्ही जेवा शेठजी, आमचं छप्पर गार आहे." गार नव्हतं. समोरच्या कडुनिंबाची सावली बारापर्यंत टपावर होती, मग ती हळूहळू रस्त्याच्या पलीकडे गेली. गाडी हलवता आली असती. का हलवली नाही? कदाचित झोप लागली असेल. कदाचित मुराळ्याने दारासमोरून हलू नये असं काही त्यांच्या मनात असेल. लाडकुंवरबाईंनी तीनला खिडकीतून पाहिलं तेव्हा त्यांचे डोळे मिटलेले होते, डोक्यावर उपरणं होतं. त्यांना वाटलं, झोपले आहेत, म्हातारा माणूस, उठवू नये.

चारला रत्नप्रभाचं काम संपलं. गठ्ठा बांधला, सही केली. कॉलेजपासून घर वीस मिनिटांवर. ती ग्रंथालयात गेली. तिथे जुनी दगडी भिंत होती, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, शिपाई त्यांच्यावर पाणी मारी. तिने कपाटातून एक पुस्तक काढलं आणि मधूनच उघडून वाचत बसली. ते तिचं आवडतं पुस्तक होतं, कितव्यांदा वाचत होती कोण जाणे. पुढे ते तिने कधी हातात धरलं नाही. तिला माहीत होतं की आबा आलेले असतील, दारात गाडी असेल, गाडीत ते पाय वर घेऊन बसलेले असतील. तिला ते पाहायचं नव्हतं. तिला ती खिडकी नको होती, घेवरचंदजींचा विनोद नको होता, जळगावला पोचल्यावर भिकुआत्याचं पोटाकडे पाहणं नको होतं. अजून दहा मिनिटं, असं तिने पाच वेळा केलं. वाळ्याचा वास येत होता. इतकं गार वाटत होतं की अंगावर शहारा आला. हा शहारा तिला नंतर सगळ्यात जास्त आठवला. त्याच वेळी तिकडे काय चाललं असेल हे मिनिटाला मिनिट लावून पाहायची तिला सवय लागली. ती सवय सुटली नाही.

सव्वापाचला ती गल्लीच्या कोपऱ्यावर आली. पांढरा टप दिसला आणि तिला आधी रागच आला. मग जवळ गेली. दाराच्या कडीला हात लावला तर पोळला. पदराने धरून उघडलं. आबांचं अंग तापलेलं होतं आणि कोरडं होतं, घामाचा थेंब नव्हता. हे बरोबर नाही एवढं तिला कळलं. तिने हाक मारली. त्यांनी डोळे उघडले, तिच्याकडे न पाहता तिच्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं.

"उनी का?" ते म्हणाले.

"आले, आबा. चला, उतरा. आत चला."

"हळू बोल. मांगे देख." त्यांची जीभ जड झाली होती. "पोऱ्या झोपना का?"

तिने मागे पाहिलं. बाकं होती, सुतळ्या होत्या.

"झोपला, आबा," ती म्हणाली.

घेवरचंदजींनी दुकानातून माणसं बोलावली, रिक्षा आली, दवाखाना जवळ होता. बर्फ, सलाईन, पंखा. डॉक्टर चांगले होते, त्यांनी जे करायचं ते केलं. दिवेलागणीला आबा गेले. त्याच्या थोडं आधी नर्सने तिच्या हातात चमचा दिला होता. तिने पाणी घातलं. ते ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं आणि उशीवर पसरलं. जळगावला पोचल्यावर भिकुआत्याने सगळ्यांदेखत पहिला प्रश्न तोच विचारला, "पानी घालं ना तू त्याना तोंडमा?" ती म्हणाली, "घातलं." भिकुआत्या आईकडे वळून म्हणाली, "घालं तिनी." आणि मग रडायला लागली. आई रडली नाही. तिने फक्त विचारलं, "घरनं पानी व्हतं का दवाखानानं?" दवाखान्याचं, असं कळल्यावर तिने मान हलवली, जणू काही एक गोष्ट तरी नीट झाली.

सकाळी, उजाडताच, हिलालने येऊन गाडी चालवली होती. आबांना मागे मधल्या जागेत ठेवलं होतं. गादी घातली होती, धक्का लागू नये म्हणून दोन्ही बाजूंना उशा. ती आणि रात्रीतून साक्रीहून आलेला अभिमन समोरासमोरच्या बाकांवर पाय वर घेऊन बसले होते. पारोळ्याच्या उतारावर मागचं दार कुरकुरलं. हिलालने आरशातून पाहिलं आणि वेग कमी केला. जागा पुरेशी होती. तिने तेवढंच पाहिलं, की जागा पुरेशी आहे.

गाडी विकायची म्हणून चुलतभाऊ वना दोन गिऱ्हाइकं घेऊन आला. यावलकडचा एक केळीचा व्यापारी तर टायर लाथेने दाबून, बॉनेट उघडून, हो म्हणून बसला होता. आई ओट्यावरून म्हणाली, विकायची नाही. वनाने समजावलं, काकू, एकट्या बाईला दहा सीटांची गाडी कशाला, उभ्या उभ्या सडेल. आई म्हणाली, "ज्यानासाठे लिन्ही त्याले बसाडसू, मंग ईकसू." व्यापारी चहा पिऊन गेला. तेव्हापासून गाडी पत्र्याखाली उभी राहिली. हिलाल दर रविवारी येई, ती सुरू करी, अर्धा तास जागेवर धडधडत ठेवी, नाहीतर बॅटरी उतरते. पाणी पाही. कॅन भरून ठेवी. मळ्याकडे एस.टी.ने जात, कारण गाडी झिजवायची नव्हती. दुपारी आई मागचं दार उघडून बाकावर जाऊन बसे आणि तांदूळ निवडे, लसूण सोले. रत्नप्रभा महिन्यातून एकदा जायची. ती दिसली की आई तिच्या तोंडाकडे पाही, मग पदर सारखा केल्यासारखं करून हळूच पोटाकडे. विचारत मात्र नसे. आबा होते तेव्हा सांगण्यासारखा एक माणूस तरी होता. आता ते आईला सांगायचं म्हणजे पुढचंही सांगणं आलं. की हे मला तेव्हा माहीत होतं. की आबा उन्हात बसले, तहानेले राहिले, ते ज्या मुलासाठी, ते कधी येणारच नव्हतं आणि मला ठाऊक होतं. एक वाक्य होतं, त्याची आता दोन झाली होती, आणि दुसरं पहिल्याच्या पोटातून आपोआप बाहेर येणार होतं. पत्र लिहावं तर आईला वाचता येत नव्हतं, तिची पत्रं हिलाल वाचून दाखवी. दोनदा तिने लिहून फाडलं. वर्गात ती पोरांना सांगे की न बोललेलं पात्र बोललेल्यापेक्षा अधिक सांगून जातं. पोरं ते वहीत उतरून घेत. एकदा ते वाक्य सांगता सांगता ती थांबली आणि पुस्तक मिटून तिने तास सोडून दिला.

पुढची आखाजी मे महिन्यात आली. आखाजीला गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. माणूस गेल्यावरची पहिली घागर मोठी असते, तिला लेक लागते. रत्नप्रभाने कळवलं, मी आदल्या दिवशी बसने येते. आईचा उलट निरोप आला, लाडकुंवरबाईंच्या फोनवर, हिलालच्या आवाजात. बसने यायचं नाही. आखाजीला लेक मुराळ्याशिवाय येत नसते. आबा नाहीत, भाऊ नाही, तर मी येते. मागून भिकुआत्याचा आवाज आला होता, "बाई कधी मुराळी ऱ्हास का? हासतीन लोक!" आणि आईचा, "हासू दे."

त्या दिवशी ती कॉलेजला गेली नाही. अभिमन कामावर गेला होता. सकाळपासून तिने माठाला ओलं फडकं बांधलं, खोलीत पाणी शिंपडलं, चटई टाकली. अकरा वाजून गेल्यावर गाडीचा आवाज आला. ती पायात काही न घालता बाहेर धावली. हिलाल उतरला आणि कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीकडे निघून गेला. आई मागच्या बाकावर बसली होती. ती कधी एवढी लांब गाडीत बसून आली नव्हती. कपाळ मोकळं, चेहरा उन्हाने काळवंडलेला, ओठ सुकलेले. मांडीवर फडक्यात भाकरी होती.

"उतर, माय. आत चल."

"नई. तू आवर. मी आठेच बशी ऱ्हास."

"पंखा आहे. पाच मिनिटं पड."

"तुले माहीत शे ना, रतन." आई समजावणीच्या सुरात बोलत होती. "त्या जन्मभर पाळतस, आन मी मोडू का? आते तं त्यास्नी घागर भरनी शे."

"तुझं पाणी आहे का?"

"व्हतं. रस्तामा सरी गयं." आईने कपाळ पदराने टिपलं. "जळगावले पीसू. दोन घंटाना तं रस्ता शे. तू आवर बेटा."

लाडकुंवरबाई त्यांच्या दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. कडुनिंबाची सावली टपावर होती, अजून तासभर राहिली असती. रत्नप्रभा घरात गेली. माठातून तांब्या भरला. बाहेर येऊन ती मागच्या दारातून गाडीत चढली आणि आईच्या समोरच्या बाकावर बसली. दोघींच्या मध्ये ती मोकळी जागा होती. आईने तिथे एक जुनी सतरंजी घालून आणली होती. आतली हवा कोंदट होती, नाकाला भाजत होती. एवढ्यात एवढी. मग पावणेसहा तासांत किती, हे तिच्या मनात आलं आणि या वेळी ते आकड्यात आलं नाही, नाकातून छातीत उतरलं.

तिने तांब्या पुढे केला. आईने मान हलवली आणि हसली, लहान पोराला समजावताना हसतात तसं. "नातू उना का पीसू," ती म्हणाली. "मी थांबस. माले काय घाई नई."

गेल्या पंधरा वर्षांत रत्नप्रभा आईशी पुस्तकी मराठीतच बोलत आली होती. आई अहिराणीत विचारायची, ती मराठीत उत्तर द्यायची, दोघींना त्याची सवय होती. तयार केलेली सगळी वाक्यं त्याच मराठीत होती. त्यातलं एकही आता तिला सापडेना. तिने तांब्या दोन्ही हातांत धरला. आईच्या सुकलेल्या ओठांकडे पाहत, लाडकुंवरबाईंना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, ती म्हणाली,

"माय, माले पोर व्हनार नई. कव्हयच नई. तीन वरीस व्हई गयात, डॉक्टरनी सांगेल शे. आबा आठे बठेल व्हतात तव्हयबी माले माहीत व्हतं. मी त्यास्ले सांगं नई."